वाचक विचारतात : नव्या मिलिपीडची तब्येत

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. बारा वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी आफ्रिकन जायंट मिलिपीड (आपल्याकडच्या वाण्याचा म्हणजे पैसा किड्याचा मोठा भाऊबंद) आणलं, साधारण २० सेंटिमीटर लांब. घरी आल्यावर दिसलं की त्याच्या पायांमध्ये बारीक, फिकट तपकिरी किडे पळताहेत. दुकानदार म्हणाला, ‘ते असतातच.’ मुलाला एक्झिमा (इसब) आहे. हे किडे त्याच्या अंगावर चढतील का? मिलिपीड आजारी तर नाही ना?

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुमच्या मिलिपीडच्या जातीवर (शास्त्रीय नाव आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गिगास) माइट म्हणजे सूक्ष्म कोळीवर्गीय जीव बहुधा असतातच. पायांच्या मुळाशी आणि डोक्यामागच्या पट्टीभोवती ते चपळाईने पळतात, अंगावरचा मळ आणि खाण्याचे कण टिपतात. मिलिपीडला त्यांचा सहसा त्रास नसतो आणि माणसाच्या अंगावर ते वस्ती करत नाहीत. मुलाच्या हातावर एखादा चढलाच तर धुऊन जातो.

काळजी करायची ती दुसऱ्या प्रकारच्या माइटची. मातीवर किंवा काकडीच्या फोडीवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला आणि भिंगातून तो हळूहळू हलताना दिसला, तर ते धान्याला लागणारे माइट. डब्यात ओलं खाणं कुजत पडलं आणि हवा खेळती नसली की आठवडाभरात त्यांचं पेव फुटतं. तेही चावत नाहीत, पण दमा किंवा एक्झिमा असलेल्यांना त्यांची अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून डब्यातली माती उपसण्याचं काम मुलाकडे देऊ नका. मोठ्या माणसाने मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून करावं.

पहिले ३० दिवस हे मिलिपीड घरातल्या इतर पाळीव किड्यांपासून वेगळं ठेवा. चिमटा, फवारणीची बाटली, वाटी, सगळं स्वतंत्र. खाणं संध्याकाळी, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, आणि उरलेलं २४ तासांच्या आत बाहेर. पांढरे माइट वाढलेच तर रात्री मातीवर कलिंगडाची किंवा काकडीची साल ठेवा, सकाळी माइटसकट उचलून गरम पाण्यात टाका. आठ-दहा दिवस रोज. ब्रिटनमध्ये हरितगृहवाल्यांसाठी शिकारी माइट मिळतात, हायपोअ‍ॅस्पिस या नावाने. ते मातीत सोडले तर लहान माइट खातात आणि मिलिपीडच्या वाटेला जात नाहीत. अंगावरचे माइट फारच झाले, तोंडाशी आणि मिशांशी घट्ट चिकटून बसलेले दिसले, तर रंगकामाच्या मऊ ब्रशने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच झाडा. पाण्यात बुडवून धुऊ नका. मिलिपीडची श्वासछिद्रं पोटाच्या बाजूला, पायांच्या मुळाशी असतात. त्यांत पाणी शिरलं तर ते गुदमरतं. माइट मारायची पावडर, स्पिरिट, कडुनिंबाचं तेल यांपैकी काहीही नको. जे माइटला मारतं ते मिलिपीडलाही मारू शकतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि आमच्या मते हीच सगळ्यात मोठी. नवी मिलिपीडं माइटने क्वचित मरतात. ती मरतात चुकीच्या मातीने आणि कोरडेपणाने. दुकानातून बहुतेक वेळा नुसता नारळाचा भुसा देतात. भुसा ओल धरतो, पण त्यात अन्न नाही. मिलिपीडची माती हेच त्याचं ताट असतं. काकडी ही नुसती चटणी-कोशिंबीर. मिश्रण असं करा : निम्मी ओक किंवा बीच या झाडांची कुजलेली पानं, पाव भाग हाताने कुस्करता येईल असं पांढरं पडलेलं कुजकं लाकूड, पाव भाग खत न घातलेली माती. दहा लिटरला दोन मुठी चुरलेली अंड्याची टरफलं घाला, कारण मिलिपीडचं कवच कॅल्शियमने टणक होतं. पाइन, सीडार, निलगिरी यांचं लाकूड किंवा पानं नकोत. पानं आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवली म्हणजे लपलेली गोम वगैरे मरते. थर किमान १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे जनावराच्या लांबीएवढा हवा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. तापमान २४ ते २८ अंश. हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) डब्याखाली नको, डब्याच्या बाजूच्या भिंतीला लावा आणि तापमान आवरणारा थर्मोस्टॅट जोडा. उकडलं की मिलिपीड खाली खणत जातं. उष्णता खालूनच येत असेल तर ते जिवाच्या आकांताने आणखी भाजायलाच जातं.

प्रवासातून आलेलं मिलिपीड बऱ्याचदा सुकलेलं असतं. स्पर्श केल्यावर घट्ट वेटोळं घालत नाही, सैल पडून राहतं, वलयांमधली फिकट कातडी दिसते, मिशा हलत नाहीत. त्याला ओल्या मातीवर ठेवा, जवळ काकडीची साल काढलेली चकती द्या, मातीवर पावसाचं किंवा उकळून थंड केलेलं पाणी फवारा. चोवीस तास हात लावू नका. धडधाकट मिलिपीड चालताना मिशांनी जमीन सतत ठोकतं आणि त्याच्या पायांची लाट एकसारखी पुढे जाते. एखाददुसरा पाय तुटलेला असला तरी घाबरू नका, कात टाकताना तो बऱ्यापैकी परत येतो. मात्र टेबलावरून पडून कवच तडकलं तर वाचणं कठीण. मुलाने हातात घ्यायचंच असेल तर जमिनीवर बसून, आणि तेही पहिले दोन आठवडे सरल्यावर. हाताला एक्झिमाच्या भेगा असतील त्या दिवसांत अजिबात नाही.

एक वाईट शक्यताही मनाशी धरून ठेवा. विकली जाणारी मोठी मिलिपीडं अनेकदा रानातून पकडलेली, वय उलटलेली असतात. सगळं नीट करूनही काही महिन्यांत गेलं, तर तो तुमच्या मुलाचा दोष नाही. त्याला हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आमचं मिलिपीड तीन आठवडे मातीबाहेर आलेलं नाही. उकरून बघू का?

उत्तर : नको. ते बहुधा कात टाकतंय. त्यासाठी ते मातीत गुळगुळीत पोकळी करून वेटोळं घालून बसतं. कात टाकल्यावर अंग पांढुरकं आणि मऊ असतं. त्या वेळी पोकळी मोडली की ते वेडंवाकडं वाळतं किंवा मरतं. टाकलेली कातही ते स्वतःच खातं, त्यातलं कॅल्शियम परत मिळवायला. म्हणून वर आल्यावरही काही दिवस त्याने खाल्लं नाही तर चालेल. प्रौढ मिलिपीड कधी दोन-अडीच महिनेही खाली राहतं. तुम्ही एवढंच करा : दर चार दिवसांनी एका कोपऱ्यात भिंतीलगत दोन-तीन चमचे पाणी सोडा. सडका वास येऊ लागला किंवा मातीवर बारीक माश्या घोंगावू लागल्या, तरच उकरा.

प्रश्न : चिपळूणजवळ आमचं घर आहे. पावसात अंगणात आलेला वाणी, ज्याला आमच्याकडे पैसा किडाही म्हणतात, मुलीने बरणीत ठेवला. हाताळल्यावर तिची बोटं तपकिरी झाली आणि उग्र वास येतोय. विष चढेल का? पाळू द्यावा का?

उत्तर : वाणी चावत नाही. चावते ती गोम, आणि दोघांत फरक सोपा आहे : गोमेला दर वलयाला पायांची एक जोडी, वाण्याला बहुतेक वलयांना दोन. डाग पडतो तो वाण्याच्या अंगाच्या दोन्ही कडांवरच्या छिद्रांतून सुटणाऱ्या द्रवाचा. त्यात बेन्झोक्विनोन नावाची रसायनं असतात आणि ती कातडीला रंगवतात. साबणाने लगेच धुवा. डाग काही दिवस, कधी त्याहून बराच जास्त काळ राहील, पण कातडीबरोबर निघून जाईल. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा. खरी भीती डोळ्यांची. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

बरणी मात्र आत्ताच उघडा. बंद बरणीत तो आपल्याच वायूने मरू शकतो. चपट्या पाठीचे, कडांना पिवळे ठिपके असलेले काही वाणी तर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सोडतात. माणसाला तेवढ्याने काही होत नाही, पण झाकणाखाली कोंडलेल्या किड्याला होतं. दोन-चार दिवस बघायचा असेल तर प्लास्टिकच्या टबाला भोकं पाडा, खाली परसातली माती आणि आंब्या-फणसाची कुजकी पानं घाला, मग जिथून उचलला तिथेच सोडा. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून मात्र काहीही उचलू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

प्रश्न : पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मुलाने असाच एक वाणी ठेवलाय. डासांची लिक्विड मशीन चालेल का? कुत्र्याने चाटलं तर?

उत्तर : त्या खोलीत मशीन, उदबत्तीची कॉइल, मुंग्यांचा खडू, काहीही लावू नका. त्यांतली कीटकनाशकं वाण्याला मारू शकतात. कुत्र्याला गोचिडांचं औषध लावलेल्या हाताने डबा उघडणंही तितकंच घातक, आधी साबणाने हात धुवा. कुत्र्याने चाटलं तर तोंडातून लाळ गळेल. ओल्या फडक्याने जीभ-हिरड्या पुसा, पाणी पाजा. उलट्या थांबत नसतील किंवा तो डोळे चोळत असेल तर पशुवैद्यांकडे न्या, आणि डबा आजच वरच्या फळीवर ठेवा.