चहा सोडून समुपदेशनाचं काय कळणार?

तू लिहिलंयस की एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, एखादी सवय सहा आठवडे सोडून डायरी लिहायला सांगितलीय, तू चहा सोडलास, आणि दारू सोडणाऱ्या माणसाशी याचा काय संबंध, नुसतं नाटक आहे. व्यसनमुक्तीच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चहा सोडून दारूचं दुखणं कळत नाही हे तुझं बरोबरच आहे. चहातलं कॅफिन बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, एकदोन दिवस जास्त त्रास आणि फार तर नऊएक दिवसांत सगळं शांत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. त्यामुळे पेशंटला "मी पण चहा सोडलाय, मला कळतं" असं कधीही म्हणू नकोस. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामधे स्वतः व्यसनातून बाहेर आलेले कार्यकर्ते समुपदेशन करतात, त्यांच्या शब्दाला जे वजन आहे ते सहा आठवड्यांत येत नाही.

पण तुला दुसरं काहीतरी मिळतं. आपलं मन सौदा कसं करतं ते आतून ऐकू येतं. आज सबमिशन आहे, आजच्यापुरता घेते, कॉफी म्हणजे काही चहा नाही, मी ठरवलं तर कधीही सोडेन मग आत्ताच कशाला. हीच वाक्यं उद्या समोरचा माणूस बोलेल तेव्हा तो तुला खोटारडा वाटणार नाही, आणि माझ्या मते अर्धं समुपदेशन तिथेच आहे.

मावशीकडे गेलीस की "घोटभर तरी घे गं, एवढ्याने काय होतंय" होणारच, आणि नको म्हटलं की तिला वाईट वाटणार. आता नुकताच सेंटरमधून घरी आलेला माणूस हळदीच्या रात्री मित्रांच्या घोळक्यात उभाय असं डोळ्यासमोर आण. "नाही म्हणायला शिका" हे आपण किती सहज सांगतो!

आणि डोकेदुखी थांबल्यावर डायरी बंद करू नकोस, खरं तर तिथून पुढेच लिहिण्यासारखं असतं. शरीराचा त्रास संपला तरी चार वाजले की पाय कॅन्टीनकडे का वळतात, कोण सोबत असताना वळतात, ते लिही. डिटॉक्स झालं, म्हणजे शरीरातून दारू उतरली, की माणूस बरा झाला असं समजणाऱ्या घरच्यांना आम्ही हेच तर पुन्हा पुन्हा सांगत असतो.

मार्कांसाठी मुलं "एकदाही घेतला नाही" अशी गुळगुळीत डायरी लिहितात त्याचं मला फार वाईट वाटतं. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकातच मांडलं होतं की एकदा घसरल्यावर माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो, गेलंच सगळं आता काय राहिलं म्हणतो, आणि एका ग्लासाचं पूर्ण रिलॅप्स होतं, म्हणजे माणूस परत व्यसनात पडतो, ते बरेचदा याच भावनेतून. म्हणून तू घेतलासच एखादा कप तर ते पान सगळ्यात नीट लिही, आधीचा तासभर काय चाललं होतं, पिताना स्वतःला काय सांगितलंस, नंतर कुणापासून लपवावंसं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी परत सुरुवात करायला कशाची मदत झाली.