प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी औषधनिर्माता म्हणून लागावं का?

डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) होऊन फार्मसी कौन्सिलची नोंदणी झाली असेल, तर जरूर लागा. फक्त कायम होण्याच्या आशेवर नको. करार बहुधा 11 महिन्यांचा, मग एखाद्या दिवसाचा खंड आणि नवा आदेश. माझं मानधन एकदा 3 महिने रखडलं होतं, घरभाडं उसनं काढून भरलं. हाताशी शिल्लक ठेवाच.

काम मात्र खूप शिकवतं. पावसाळ्यात सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या कुप्या रोज मोजायच्या, मुदत जवळ आलेल्या पुढे मांडायच्या, ई-औषधी या औषधसाठ्याच्या ऑनलाइन प्रणालीवर साठा जुळवायचा. अक्षरओळख नसलेल्या आजींना पाकिटावर सूर्य काढून दिला, की रक्तदाबाची सकाळची गोळी चुकत नाही.

रुजू अहवाल आणि प्रत्येक आदेशाची प्रत जपा. अनुभवाचा दाखला मागताना तीच लागते.