लाथ मारताना तोल का जातो?

प्रश्न : मी कोथरूडला दोन वर्षे कराटे शिकते आहे. मावाशी गेरी, म्हणजे वळवून मारायची लाथ, मारताना माझा तोल जातो आणि नेम चुकतो. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा उचललेल्या पायात नसून जमिनीवरच्या पायात असतो. कंबर पूर्ण वळण्यासाठी आधाराच्या पायाची टाच लक्ष्याच्या दिशेने फिरावी लागते. ती जागीच अडकली, की वळणाचा ताण गुडघ्यावर येतो आणि तोल ढळतो. म्हणून भिंतीला हात टेकवून, गुडघा बाजूने कमरेइतका उचलून लाथ अगदी सावकाश सोडावी आणि पाय टेकवण्यापूर्वी गुडघा पुन्हा दुमडावा. पर्वतीच्या पायऱ्यांनी मांड्यांना बळ येईल, पण नेमासाठी, उंच लाथेचा मोह (तो सगळ्यांनाच असतो) तूर्त आवरून, कमरेच्या उंचीवर टांगलेल्या चेंडूला केवळ स्पर्श करण्याचा सराव करावा.