आधी विचार, मग फक्की टाक

प्रिय पोरी,

पत्र दोनदा वाचलं. दरडीखालच्या गावाचा पुनर्वसन आराखडा तयार, पण ग्रामसभेत कुणी सही करेना, आणि तू विचारतेस, 'लोकांना कसं समजावू?' अगं, तू त्यांना काय विचारलंस, ते आधी सांग.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं माळवदांच्या मातीखाली गेली. मी तुझ्याच वयाचा, हातात टेप. ५२ गावं नव्या जागी हलवायची होती. ज्याची जशी जमीन तसं घर: २५०, ४५० नाहीतर ७५० चौरस फूट. आमच्या वाट्याच्या गावठाणात मी फक्कीच्या रेघा ओढल्या, काटकोनात, रुंद रस्ते सोडून. एक म्हातारी रेघेवरच येऊन उभी राहिली. "लेकरा, कडबा कुठं रचू? आन् माझी जाऊ कुठल्या गल्लीला?" मी यादी चाळून प्लॉट नंबर सांगितला. जाऊ पार दुसऱ्या टोकाला. कडब्याला माझ्याकडे रकानाच नव्हता.

आता तू म्हणशील, बदलायचं होतं. थंडी तोंडावर, माणसं पत्र्याच्या शेडमध्ये, वरून तारखांचा तगादा. विचारत बसलो असतो तर आणखी एक पावसाळा शेडमध्ये गेला असता, असं मी तीस वर्षं सांगत आलोय. अगदीच खोटं नाही ते. पण विचारायला लागले किती असते? आठ दिवस?

पुढे मला, जिथली घरं जागेवरच ठेवायची होती तिथे, दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामावर टाकलं. तिथे पैसे हप्त्यांनी घरमालकाच्या खात्यात, देखरेख त्याचीच. बायका सिमेंटच्या गोण्या मोजून घ्यायच्या, गवंड्याने भिंती बांधून धरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यातली सळई वाचवली की काम थांबवायच्या. माझ्यापेक्षा बारीक नजर! तिथे मला कडब्याचं कुणी विचारलं नाही. त्यांची जागा त्यांनी आधीच धरलेली.

म्हणून सांगतो, आधी विचार. शेजारी कोण हवं, गोठा कुठे, शेत किती लांब पडेल, मसणवटा कुठल्या अंगाला. बायकांना वेगळं बसवून विचार, ग्रामसभेत त्या बोलायच्या नाहीत. आणि तुझ्या यादीत दरडीच्या भीतीची अजून गावं असतील ना? तिथे याच उन्हाळ्यात जा. दरड कोसळल्यावर तूही माझ्यासारखीच घाईत असशील.

पुढच्या खेपेला लॅपटॉप गाडीतच राहू दे. देवळासमोर फक्कीची पिशवी त्यांच्याच हातात दे आणि बाजूला बस. रेघा वाकड्या येतील. येऊ देत.

तुझा,
काका