सकाळी गाडी स्टार्ट केली की पुढून चींईई आवाज येतो, दोन मिनिटांनी थांबतो. गॅरेजवाला ब्रेक पॅड बदला म्हणतोय, बदलू का?

थांबा, एवढ्यात पैसे देऊ नका. उभ्या गाडीत आवाज येतोय तर ब्रेकचा संबंध येतोच कुठे, चाक फिरतच नाहीये ना!

आधी एक करा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि हळूहळू रेस द्या. रेसबरोबर आवाज चढला तर तो इंजिनाकडचा, आणि उभ्या गाडीत गप्प पण चालू लागली की ओरडते तर चाकाकडचा.

तुमचं वर्णन वाचून मला तरी बेल्टच वाटतोय, म्हणजे इंजिनावरच्या पुल्या फिरवणारा रबरी पट्टा. सगळे त्याला फॅन बेल्ट म्हणतात, बहुतेक गाड्यांत इंजिन थंड करणारा पंखा कधीचा वेगळ्या मोटरवर गेला पण नाव काही गेलं नाही. रात्रभराच्या दमटपणाने बेल्ट ओलसर, त्यात स्टार्टरने बॅटरी खाल्लेली म्हणून अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारा, तोही याच बेल्टवर फिरतो) लोड, मग बेल्ट घसरतो आणि किंचाळतो. एसी आणि हेडलाइट लावून बघा, वाढला तर जवळजवळ नक्की. अजून खात्री हवी तर इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर लांबूनच थोडं पाणी मारा (ओढणी, सैल बाही, बोटं लांब ठेवा बाबा). आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर बेल्टचं रबर कडक झालंय किंवा पुली सरळ रेषेत नाही, उलट वाढला तर बेल्ट ढिला. काहीच फरक नाही तर पुलीचं बेअरिंग बघायला सांगा. काही जण बेल्टला साबण घासून देतात, चार दिवस शांत, पाचव्या दिवशी परत तेच. आणि दुर्लक्ष नको, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो, तुटला की चार्जिंग बंद आणि इंजिन तापतं.

पॅडची भानगड वेगळी. पॅड झिजले की त्यावरची लोखंडी पट्टी डिस्कला घासते म्हणून चालत्या गाडीत बारीक चीं येते, कधीकधी ब्रेक दाबला की थांबते सुद्धा. नवा पॅड साधारण 10 मिमी, 3 मिमीवर आला की बदलायचा. पाऊस पडून गेल्यावर पहिल्या दोनचार ब्रेकला खरखर येते ती डिस्कवरच्या गंजाची, ती सोडून द्या. मी स्वतः एकदा असेच चांगले पॅड बदलून बसलो, आवाज तसाच! शेवटी दुसऱ्या एकाने चाक काढलं तर डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मधे हरभऱ्याएवढी खडी अडकलेली, स्क्रूड्रायव्हरने काढली, दोन मिनिटांचं काम, पैसेही घेतले नाहीत.

स्टेअरिंग पूर्ण वळवून टकटक आली तर एक्सलचा जॉइंट, स्पीडबरोबर वाढणारी घूंऽऽ म्हणजे बहुतेक चाकाचं बेअरिंग.

आणि हो, गॅरेजला नेली की गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते, त्यामुळे आदल्या रात्रीच त्याच्याकडे लावून या, सकाळचा पहिला स्टार्टर त्यालाच मारू दे.