आठवीत मुली मैदान सोडतात, तेव्हा

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी शाळेत मुलींचा फुटबॉल संघ काढला. सहावीत २२ मुली होत्या, आता आठवीत ७ उरल्या. सर मनापासून शिकवतात. महिला प्रशिक्षक मिळत नाही. काय करावं? (शिक्षिका, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : या वयातली गळती सहसा खेळाच्या कंटाळ्यानं होत नाही. पाळी सुरू होते, पांढरी चड्डी नकोशी वाटते, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं, सराव सुटेपर्यंत अंधार पडतो. यातलं काहीही मुली सरांना सांगत नाहीत. ‘अभ्यास आहे’ म्हणतात आणि यायच्या थांबतात. चड्डी गडद रंगाची करा, सराव उजेडात संपवा. हे याच आठवड्यात होण्यासारखं आहे.

तयार प्रशिक्षक मिळत नसेल तर घडवा. कॉलेजात खेळणारी तुमचीच माजी विद्यार्थिनी बघा. तिला आठवड्यातून दोन दिवस, दहा-बारा मुली आणि सरावाची पहिली २० मिनिटं पूर्णपणे सोपवा. त्यात ‘फिफा ११ प्लस’ हा वॉर्म-अप घ्यायचा. मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून तो टाळू नका. मुलगी उडी मारून उतरताना या माजी विद्यार्थिनीनं तिच्या समोर उभं राहून गुडघा बघायचा. तो आत झुकायला नको, पंजाच्या रेषेत राहायला हवा. धप्प आवाज आला तर पाय ताठ राहिला समजा; गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला लावा.

बिघडतं कुठं? या माजी विद्यार्थिनीच्या हातात फक्त मैदानावर मांडायचे प्लास्टिकचे कोन आणि पाण्याच्या बाटल्या देतात, किंवा सर मुलींसमोरच तिची चूक काढतात. मग मुली तिचं ऐकत नाहीत. चूक सराव संपल्यावर, बाजूला घेऊन सांगा. मानधन पहिल्या महिन्यापासून द्या, फुकटची सेवा परीक्षा आली की बंद पडते. वर्षभर टिकली तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ या प्रशिक्षक-लायसन्सची फी शाळेनं भरावी.

प्रश्न : मुलींपुढे आदर्श कुणाचा ठेवावा? (पालक, कसबा बावडा)

उत्तर : मणिपूरच्या फुटबॉलपटू बेमबेम देवींचा जरूर ठेवा, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोव्याच्या मेमोल रॉकी तर भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. ५ जुलै २०२५ ला संगीता बास्फोरच्या दोन गोलांवर भारतानं थायलंडला २-१ हरवून आशिया कप गाठला, तो सामना मुलींना दाखवा.

पण शाहू स्टेडियमवर मॅच बघून आलेला पोरगा ‘मला पाटाकडीलकडून खेळायचंय’ म्हणतो, म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ या इथल्या फुटबॉल संघाकडून. मुलीनं कुठल्या जर्सीचं नाव घ्यायचं? तिला गल्लीतलीच, दोन इयत्ता पुढची खेळाडू दिसायला हवी. आठवीतल्या एकेका मुलीकडे सहावीतल्या दोघी सोपवा. त्यांना घरून आणणं, बूट बांधायला शिकवणं, सरावानंतर घरी पोचवणं, सगळं तिच्याकडे. सहावीतल्यांना चेंडू मात्र ४ नंबरचा द्या, ५ नंबरचा त्यांना जड जातो.