पायांत वळवळ असेल, तर गादी बदलण्याआधी हे वाचा

उशी बदलली, गादी बदलली, खोलीत मिट्ट अंधार केला, तरी अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. उठून चार पावलं टाकली की थांबतं, आडवं झालं की परत सुरू. मध्यरात्र उलटून गेल्यावर कधीतरी डोळा लागतो. तुमच्या पोस्टमधलं हे वर्णन वाचलं आणि मला माझ्या त्या रात्री आठवल्या, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: आपल्याला मानवेल अशी झोपायची पद्धत शोधायची कशी, आणि नवऱ्याची झोपमोड होते म्हणून वेगळ्या खोलीत झोपावं का.

मोबाइल लांब ठेवा, खोली गार ठेवा, हे तुम्हाला आतापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं असणार. ते मी सोडून देते. मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगते. पुढे जे लिहिते ते माझा अनुभव आणि त्यानंतर केलेलं भरपूर वाचन यांतून आलेलं आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

तुमची अडचण गादीत किंवा उशीत नाही, असं मला ठामपणे वाटतं. पाय हलवावेसे वाटणं, स्वस्थ पडल्यावर ते वाढणं, हालचाल केली की तेवढ्यापुरतं शमणं आणि संध्याकाळनंतर जोर धरणं, या चार खुणा एकत्र दिसल्या की डॉक्टर ‘रेस्टलेस लेग्ज’चा, म्हणजे अस्वस्थ पायांच्या आजाराचा, विचार करतात. पायात गोळा येणं वेगळं. गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि दुखतो. इथे स्नायू मऊच असतो, पण आतून कुणीतरी ओढतंय असं वाटत राहतं. हे काही नवीन फॅड नाही. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये याचं वर्णन केलं होतं आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये ते नीट मांडलं. म्हणजे कुणी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणालं, तर ऐकून घेऊ नका.

मला मात्र ते ऐकून घ्यावं लागलं. ज्या दवाखान्यात मी जात होते (नाव लिहीत नाही), तिथे माझी तक्रार ‘झोप येत नाही’ एवढीच नोंदवली गेली. पायांबद्दल मी सांगायला लागले की पुढचा प्रश्न यायचा, घरी काही ताण आहे का? मग झोप येण्यासाठी एक गोळी दिली. ती सर्दी-अ‍ॅलर्जीवर देतात त्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या अँटिहिस्टामिन गटातली होती. या गटातली औषधं रेस्टलेस लेग्ज वाढवतात, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. परिणाम असा, की डोळ्यांवर झापड आणि पाय मात्र बेभान. उठून चालावं तर तोल जायचा, पडून राहावं तर पाय राहू द्यायचे नाहीत. परत जाऊन सांगितलं, तर गोळीचा डोस वाढवला.

याहून जास्त महागात पडली ती रक्त तपासणी. हिमोग्लोबिन पाहिलं, ठीक निघालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, तपासाल का असं मी विचारलं, तर काउंटरवरूनच उत्तर मिळालं की हिमोग्लोबिन चांगलं असताना त्याची गरज नसते. पुढे बऱ्याच भांडणानंतर ती तपासणी झाली. रिपोर्टवर आकड्याशेजारी ‘नॉर्मल’ छापलेलं होतं. डॉक्टरांनी तो शब्द पाहिला आणि कागद घडी करून मला परत दिला. विषय संपला.

इथे मला खरंच संताप येतो, कारण तो शब्द या आजारासाठी कामाचाच नाही. लॅबच्या कागदावर फेरिटिनची खालची मर्यादा बऱ्याचदा १५ किंवा २० च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर) आसपास असते. रेस्टलेस लेग्जच्या बाबतीत तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं मोठ्या माणसांमध्ये ७५ किंवा त्याखालच्या आकड्यालाच लोह देण्याचा विचार करा असं सांगतात. म्हणजे ३० आकडा असलेल्या माणसाच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापून येतं, आणि रात्री तो खोलीत येरझारा घालत असतो. हिमोग्लोबिन चांगलं असूनही साठा कमी असू शकतो. मेंदूला डोपामिन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवायला मदत करणारं रसायन, बनवायला लोह लागतं आणि या आजारात मेंदूत पोचणारं लोहच कमी पडतं असं दिसून आलं आहे. माझा दुसऱ्या डॉक्टरांकडे इलाज सुरू झाला तो याच जुन्या कागदावरून. नवीन काहीही तपासलं नव्हतं. फक्त आकडा कुणीतरी वाचला. मधला सगळा काळ फुकट गेला, आणि तो काही मला परत मिळणार नाही.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा ‘झोप येत नाही’ या वाक्याने सुरुवात करू नका. ‘संध्याकाळनंतर पाय हलवल्याशिवाय राहवत नाही’ इथून सुरू करा. फेरिटिनचा आकडा मागून घ्या, ‘नॉर्मल’ या शब्दावर समाधान मानू नका. रक्त सकाळी द्या. ताप किंवा कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा त्या दिवसांत तपासणी नको. आणि कृपा करून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. काही जणांच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असतं, त्यांना त्याने अपाय होतो. सध्या दुसरी कुठली औषधं चालू असतील तर त्यांची यादी सोबत न्या. नैराश्यावरची बरीच औषधं आणि उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड यांनीही पाय बिघडतात. पण चालू औषध परस्पर बंद करायचं नाही, ते वेगळंच संकट होऊन बसतं.

आता पद्धत शोधण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की झोप पुरी व्हावी म्हणून साडेनऊलाच अंथरुणावर पडता. माझ्या मते हीच वेळ तुमच्या विरोधात जाते आहे. या आजाराला घड्याळ असतं. संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत त्रास चढता असतो, पहाटे तो ओसरतो. साडेनऊला आडवं होणं म्हणजे नेमक्या वाईट तासांत स्वतःला जखडून घेणं. मी झोपायला जायची वेळ पुढे ढकलली आणि उठायची वेळ रोज तीच ठेवली, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सुरुवातीचे काही दिवस दुपारी डोकं जड व्हायचं. पण अंथरुणावर तळमळत घालवलेला वेळ निम्म्याहून कमी झाला, आणि झोपायला जायची जी धास्ती बसली होती ती गेली. तुम्हाला लांब गाडी चालवावी लागत असेल, फिट येण्याचा किंवा बायपोलरचा (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा) त्रास असेल, तर झोपेचे तास असे आवळणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पडल्यावर झोप लागली नाही तर उठावं, हा नियम निद्रानाशाच्या उपचारात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये आणला. आता साधारण वीस मिनिटांनी उठा असं सांगतात. आपल्यासाठी तो आणखीच बरोबर आहे, पण मी वीस मिनिटंही थांबत नाही. पाय सुरू झाले की उठते. उठून नुसतं बसण्यात अर्थ नाही, डोकं गुंतलं पाहिजे. शब्दकोडं, हिशोब, विणकाम, काहीही. मन एखाद्या कामात गढलं की पायांची ओढ कमी होते, हे अनेकांना जाणवतं. मी पुस्तक हातात घेऊन बसायचे तेव्हा फरक पडत नव्हता. कोडं सोडवायला लागल्यावर पडला.

गरम पाण्याचं तंत्रही थोडं वेगळं आहे. झोपायच्या एक-दोन तास आधी कोमटाहून जरा गरम, म्हणजे ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली की झोप लवकर लागते. हातापायांतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, शरीर आतली उष्णता बाहेर टाकतं आणि आतलं तापमान उतरलं की झोप येते. अगदी पडायच्या तोंडावर अंघोळ केली तर उलटं होतं. पायांसाठी मात्र काहींना गरम पाणी मानवतं, काहींना गार. मला गार मानवतं. तुम्ही दोन्ही करून बघा, पण एकाच आठवड्यात नको.

कारण सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकदम चार गोष्टी बदलल्याने. एका वेळी एकच बदल, निदान दोन आठवडे, आणि सकाळी वहीत दोन ओळी: पाय किती वाजता सुरू झाले, किती वेळा उठावं लागलं. मनगटावरच्या घड्याळाने दिलेले झोपेचे गुण बघणं मी बंद केलं. त्या गुणांच्या चिंतेनेच झोप उडणाऱ्या लोकांबद्दल अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये लिहिलं होतं. गाढ झोप किती झाली हे त्या यंत्राने अंदाजाने सांगण्यापेक्षा, दुपारी तुम्ही ताजेतवाने आहात का हे जास्त विश्वासाचं आहे.

उशीबद्दल एकच. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि मान यांमधली पोकळी भरेल एवढी उंच हवी, आणि गुडघ्यांमध्ये एक पातळ उशी. त्याने कंबर सुखावते. पायांची वळवळ त्याने जात नाही, ती जाईल या अपेक्षेने आणखी खर्च करू नका.

राहिला वेगळ्या खोलीचा प्रश्न. हवी तर झोपा, त्यात नात्याला काही कमीपणा येतो असं मला वाटत नाही. पांघरूण वेगळं केलं तरी बराच फरक पडतो, आधी ते करून पाहा. पण खोली बदलण्याआधी नवऱ्याला एक काम सांगा. तुम्ही गाढ झोपल्यावर पाय ठरावीक अंतराने, साधारण २० ते ४० सेकंदांनी, झटका देतात का ते त्यांनी पाहावं. अंगठा वर उचलला जातो, घोटा वळतो, कधी गुडघाही. रेस्टलेस लेग्ज असलेल्या बहुतेकांना झोपेत हे होतं आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. घोरणं किंवा श्वास अडकणं दिसलं तर तेही लिहून ठेवायला सांगा, त्याची तपासणी वेगळी असते. जमलं तर फोनवर थोडं चित्रीकरण करून ठेवा आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर सगळ्यात आधी ते दाखवा.